‘ते आपल्यासारख्यांचं काम नाही’ म्हणे

एक मजकूर सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. माझ्याकडे तो चौथ्यांदा आला तो काकांकडून, खाली ‘जरूर वाचा’ असा शेरा मारून. मजकुराचं सार असं: ट्विटरसारखं मॅस्टोडॉन आणि त्याच्या गोतावळ्यातली विकेंद्रित, म्हणजे एका कंपनीच्या नव्हे तर अनेकांच्या वेगवेगळ्या सर्व्हरांवर चालणारी समाजमाध्यमं ही कॉम्प्युटरवाल्यांची हौस आहे, साध्या माणसाने तिकडे फिरकू नये. का, तर सर्व्हर निवडतानाच डोकं उठतं. ओळखीचं कुणी तिथे नसतं. सर्व्हर चालवणारा हौशी गडी उद्या टाळं ठोकून मोकळा होतो. मालक नसल्यामुळे वाटेल ती घाण चालते आणि वर खासगी असं काही राहत नाही.

यातलं शेवटचं खरं आहे, ओळखीच्या माणसांचं अर्धं खरं. बाकीचं ऐकीव.

सर्व्हरची भीती पसरवण्यात मोठा वाटा आमचाच, म्हणजे तिथे आधी जाऊन बसलेल्यांचा. कुणी नुसतं ‘कसं यायचं?’ विचारलं की आम्ही प्रोटोकॉलपासून कीर्तन सुरू करतो. अ‍ॅक्टिव्हिटीपब हे सर्व्हरांनी एकमेकांशी कसं बोलायचं ते ठरवणारं मानक जानेवारी २०१८ मध्ये मंजूर झालं, हे मला पाठ आहे. नवख्याला त्याचा उपयोग शून्य. लग्नाचं आमंत्रण द्यायचं आणि मांडववाल्याचं बिल वाचून दाखवायचं, तसला हा प्रकार. खरं तर २०२३ पासून मॅस्टोडॉनच्या अ‍ॅपमध्ये एक मोठा सर्व्हर आधीच पुढे केलेला असतो. ईमेल द्या, पासवर्ड ठरवा, आत या. दुसरा निवडायचाच असेल तर तेव्हा निवडा, नाहीतर पुढच्या वर्षी.

काका बँकेतून निवृत्त झालेत, म्हणून त्यांना मी असं सांगितलं: सर्व्हर म्हणजे तुमचं खातं कुठल्या बँकेत आहे तेवढंच, चेक सगळीकडे वटतो. त्यांनी लगेच पकडलं, ‘मग क्लिअरिंग हाऊस कुठंय?’ ते इथे नाहीच. बँकांमध्ये चेकांची देवघेव मध्ये बसून जुळवणारं ते असतं, यूपीआयच्या मधोमध ती चालवणारी एनपीसीआय बसलेली असते. इथे एक सर्व्हर दुसऱ्याशी थेट बोलतो. म्हणजे उपमा ईमेलचीच खरी. तुमचं जीमेलवर, माझं रेडिफवर, पत्र पोचायचं काही थांबत नाही.

आता ‘तिथे कुणी नसतं’. याचा मला स्वतःला अनुभव आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयातले वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद करण्यात आलं आणि निषेध म्हणून पुष्कळ भारतीय मॅस्टोडॉनवर आले. मी त्या लाटेतलाच. आल्या आल्या सगळ्यांनी एकच विषय लावून धरला: आपण तिकडून का निघालो. दुसऱ्या आठवड्यात तो विषय संपला, तिसऱ्या आठवड्यात माणसं संपली, मीही गपचूप परत गेलो. ऑक्टोबर २०२२ मध्ये इलॉन मस्क यांनी ४४ अब्ज डॉलरला ट्विटर घेतलं तेव्हा तेच जगभर घडलं. मॅस्टोडॉनचा जर्मन निर्माता ऑयगेन रोश्को याने त्याच डिसेंबरात लिहिलं होतं, की दोन महिन्यांत दरमहा वापरणारे सुमारे ३ लाखांवरून २५ लाखांवर गेले. पुढच्या काही महिन्यांत त्यातले बरेच आल्या वाटेने गेले.

हे आकडे दाखवून फॉरवर्डवाले ‘ओसाड गाव’ म्हणतात. पण रागाने आलेला माणूस राग उतरला की जायचाच. त्यावरून गावाची परीक्षा कशी करणार? मी दुसऱ्यांदा गेलो तो २०२३ मध्ये, कुणावर न रागावता, जुन्या नकाशांच्या नादाने. टाइमलाइन पहिल्या दिवशी पाटीसारखी कोरी होती. ती कोरीच असते, कारण तुम्हाला गुंतवून ठेवायला कुठला अल्गोरिदम मागून माल भरत नसतो. इथेच नवखा माणूस ‘बंद पडलंय वाटतं’ म्हणून बाहेर पडतो आणि हे त्याला आधी सांगणारं कुणी नसतं. उपाय साधा आहे: माणसांसारखे हॅशटॅगही फॉलो करता येतात. मी चार केले, आठवड्याभरात टाइमलाइन भरली. लिहिताना पोस्टची भाषा मराठी अशी नोंदवता येते आणि लोकांना भाषेनुसार चाळणी लावता येते. मराठी लिहिणारे तिथे थोडे आहेत, हे मी लपवत नाही. पण हौसेखातर लिहिणाऱ्या माणसाला लाखो वाचक लागतात कशाला? दहा-पंधरा उत्तरं देणारे पुरतात, आणि त्यातले पाच आपणच सोबत न्यायचे. त्यासाठी व्हॉट्सअ‍ॅप सोडायची काही गरज नाही. सोडायला लावणाऱ्यांनीच निम्मी माणसं पळवून लावली आहेत.

टाळं ठोकण्याच्या मुद्द्यावर मात्र मला हसू आवरत नाही. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. गूगल प्लस २ एप्रिल २०१९ ला. मराठीसह भारतीय भाषांचा झेंडा घेऊन आलेलं कू जुलै २०२४ मध्ये गुंडाळलं गेलं. यातलं एकही कुणा हौशी गड्याच्या घरातून चालत नव्हतं. उलट मायबोली हे मराठी संकेतस्थळ १९९६ पासून चालू आहे. पैसा आणि टिकाऊपणा यांचं नातं फॉरवर्डात सांगतात तितकं सरळ नाही.

छोटे सर्व्हर बंद पडतात, हे कबूलच. मॅस्टोडॉन डॉट लॉल नावाचा एक २०२३ मध्ये पडला. पण चालवणाऱ्याने फेब्रुवारीत सांगितलं आणि मे महिन्यापर्यंत वेळ दिला. मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीत यायचं तर सर्व्हरने तसा करारच पाळायचा असतो: बंद करण्याआधी किमान तीन महिन्यांची सूचना, रोजचा बॅकअप, आणि अडीअडचणीला सर्व्हर हाताळू शकेल असा आणखी एक तरी माणूस. सर्व्हर निवडताना मी एवढंच बघा म्हणेन. सूचना मिळाली की खातं दुसरीकडे हलवता येतं आणि फॉलो करणारे आपोआप मागून येतात. जुन्या पोस्ट मात्र येत नाहीत. त्या उतरवून घेता येतात, नव्या खात्यात लावता येत नाहीत, आणि ही उणीव मला अजून बोचते. मोबाइल कंपनी बदलली तरी नंबर तोच राहतो. इथे पत्ताही बदलतो. थोडक्यात, बिऱ्हाड हलतं, पण भिंतीवरचं लिहिलेलं तिथेच राहतं.

घाणीबद्दल एकच दाखला देतो. द्वेषपूर्ण मजकुरासाठी कुप्रसिद्ध असलेलं गॅब हे अमेरिकी माध्यम जुलै २०१९ मध्ये मॅस्टोडॉनच्याच सॉफ्टवेअरवर आलं. सॉफ्टवेअर खुलं असल्याने त्यांना कुणी अडवू शकलं नाही. पण बहुसंख्य सर्व्हरांनी त्यांच्याशी बोलणं तोडलं आणि ते आपल्या आवारात एकटे पडले. मालक एक नसतो, पण दारं अनेक असतात आणि प्रत्येकाला कडी असते. कधी कडी लावणाराच तिरसट निघतो, हेही पाहिलंय. मग सर्व्हर बदलायचा.

आणि खासगीपणा? फॉरवर्ड बरोबर आहे. मॅस्टोडॉनवरचा खासगी निरोप व्हॉट्सअ‍ॅपसारखा कुलूपबंद नसतो, सर्व्हर चालवणाऱ्याने ठरवलं तर तो वाचू शकतो. घरातली भांडणं तिथे लिहू नका.

हे सगळं मी काकांना फोनवर सांगत होतो तेव्हा काकू मागे भिगवणच्या पक्ष्यांच्या फोटोंतून निवड करत बसल्या होत्या. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या भाचीने त्यांना मॅस्टोडॉनच्याच गोतावळ्यातल्या पिक्सेलफेडवर खातं उघडून दिलं, ‘फोटो टाकायची जागा’ एवढंच सांगून. तेव्हापासून उजनीच्या पाण्यावरचे रोहित, चित्रबलाक, जे दिसेल ते काकू टाकतात. लोक पक्ष्याचं नाव चुकलं तर दुरुस्त करतात, कुणी कॅमेऱ्याबद्दल विचारतं. त्यांतले बरेचजण मॅस्टोडॉनवरून बोलतात.

फोन ठेवता ठेवता पलीकडून काकूंचा आवाज आला, ‘अहो, मघापासून काय ते मॅस्टोडॉन मॅस्टोडॉन चाललंय? कुठलं अ‍ॅप आहे का?’