एका अ‍ॅपने खोदाई थांबत नाही

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो फॉरवर्ड गेल्या आठवड्यात तिसऱ्यांदा आला. सारांश असा: पुण्यात एकच रस्ता वर्षात चारदा खणला जातो, कारण पाणी, ड्रेनेज, वीज, गॅस आणि इंटरनेटवाल्यांना एकमेकांच्या कामाचा पत्ताच नसतो. सगळ्यांना एका अ‍ॅपवर आणा, यूपीआयने बँका आणल्या तशा, की सहा महिन्यांत खोदाई बंद. खाली जोडलेले हात आणि 'प्रत्येक पुणेकरापर्यंत पोचवा'.

जमिनीखालच्या लाइनींचे नकाशे कॉम्प्युटरवर चढवणं हा माझा बारा वर्षांचा धंदा आहे. असं अ‍ॅप निघालं तर दोन कामं मलाच मिळतील. तरीही हे काही पटत नाही.

'असं अ‍ॅपच नाही.' आहे की. 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं केंद्र सरकारचं अ‍ॅप २२ मार्च २०२३ ला पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झालं. खोदणाऱ्याने जागा टाकायची. तिथे ज्यांच्या लाइनी आहेत त्यांना निरोप जातो आणि दोघांना एकमेकांचा संपर्क मिळतो. त्याआधी ऑक्टोबर २०२१ मध्ये गतिशक्ती आराखडा आला. वेगवेगळ्या मंत्रालयांचे नकाशे एकावर एक ठेवून पाहायची सोय त्यात आहे. अ‍ॅप निरोप पोचवतं. निरोप वाचून जेसीबी कुणी थांबवायचा, हे त्याच्या हातात नाही.

'एकमेकांना माहीत नसतं.' रस्ता खणायची परवानगी महापालिकेच्या पथ विभागाकडूनच घ्यावी लागते, बाहेरच्या कंपन्यांना रनिंग मीटरच्या हिशेबाने पैसे भरून. म्हणजे कागद एका टेबलावर येतातच. घोळ कॅलेंडरचा आहे. पावसाळ्यात खोदाई बंद, ३१ मार्चच्या आत पैसे खर्च करायची घाई, मग सगळे एकाच हंगामात तुटून पडतात. त्यात महावितरण ही राज्य सरकारची कंपनी, गॅसची एमएनजीएल ही गेल आणि बीपीसीएल या कंपन्यांनी मिळून उभी केलेली; प्रत्येकाचं बजेट वेगळं, टेंडर वेगळं. पाण्याच्या ठेकेदाराने केबलच्या टेंडरसाठी चार महिने थांबायचं ठरवलं, तर तेवढे दिवस त्याच्या माणसांचा आणि मशीनचा खर्च कोण देणार? याचं उत्तर कुठल्याच करारात नसतं, म्हणून कुणी थांबत नाही.

'सगळे नकाशे ऑनलाइन टाका.' इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण इथेच माझे हात पोळलेत. कर्वे रस्त्याच्या मागच्या एका गल्लीत पाण्याची लाइन टाकायची होती. नकाशात इंटरनेटची केबल होती: फुटपाथच्या कडेपासून सव्वा मीटर, रस्त्याच्या अंगाला. तीच मी इमानेइतबारे स्क्रीनवर उतरवली. केबल रस्त्यात आहे म्हणून ठेकेदाराने फुटपाथखाली खणायला घेतलं आणि दहाव्या मिनिटाला जेसीबीच्या दातात काळी केबल लोंबत वर आली. मधल्या काळात फुटपाथ दोन मीटरने रुंद झाला होता. कड पुढे सरकली, केबल जागच्या जागी, म्हणजे नव्या फुटपाथच्या पोटात. नकाशा चूक नव्हता. ज्या कडेपासून मोजलं ती कडच उरली नव्हती. अर्धी गल्ली दोन दिवस नेटशिवाय. आदल्या दिवशी खात्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर खोदाईची सूचना पडली होती, तिच्याखाली सात अंगठेही होते.

त्याच गल्लीत पाण्याचा चावीवाला आला, इकडेतिकडे बघितलं, पायाने डांबर ठोकलं आणि खडूने गोल काढला. 'व्हॉल्व्ह इथं आहे साहेब. दोनदा डांबर चढलंय त्याच्यावर.' खणलं, तर तिथेच निघाला. माझ्या नकाशात तो सहा फूट पलीकडे होता.

नकाशे न देण्यामागे नुसता आळस नसतो. इंटरनेट कंपनीला आपली लाइन कुठून जाते ते दुसऱ्या कंपनीला दाखवायचं नसतं. सरकारी अभियंत्याची भीती वेगळी: सहीनिशी नकाशा दिला आणि तो चुकला, तर चौकशी त्याचीच लागणार. नाही दिला तर काहीच होत नाही.

'यूपीआयने जमवलं, मग इथे का नाही?' फॉरवर्डमधला हा एकच मुद्दा वजनदार आहे, पण तो उलटा लागू पडतो. यूपीआय चालवणारी संस्था एनपीसीआय २००८ मध्ये स्थापन झाली, यूपीआय आलं २०१६ मध्ये. आपल्याला फक्त फोनवरचं अ‍ॅप दिसतं. त्यामागे सगळ्या बँकांना बांधणारे एकच नियम आहेत, आपसातला हिशेब मिटवायची पद्धत आहे, वर रिझर्व्ह बँक आहे. पैसे खात्यातून गेले आणि समोरच्याला मिळालेच नाहीत, तर दुसऱ्या दिवसापर्यंत ते परत यायला हवेत. नाहीतर पुढे रोज १०० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा नियम आहे. बुजवायला उशीर झालेल्या खड्ड्यासाठी गल्लीतल्या माणसाच्या खात्यात रोज १०० रुपये जमा होऊ द्यात, मग बघा खाती एकमेकांना कशी फोन करतात!

'नाहीतर सगळं एकाच संस्थेकडे द्या.' पुण्याची बससेवा पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एकत्र करून २००७ मध्ये पीएमपीएमएल झाली. बस एक झाली, पण तोटा आजही दोन महापालिका ६० आणि ४० टक्के असा वाटून भरतात. सीमा कागदावरून पुसता येते, तिजोरीतून नाही.

मग मागायचंच असेल तर काय मागायचं? माझ्या मते एक साधी अट. खोदणाऱ्याने लाइन प्रत्यक्ष जिथे टाकली तिथले अक्षांश-रेखांश, खोली आणि मोजपट्टी दिसेल असे फोटो जमा केल्याशिवाय त्याची अनामत रक्कम परत द्यायची नाही. कडेपासूनची मापं चालणार नाहीत. अर्ध्या तासाचं काम आहे, पण ते खड्डा उघडा असेपर्यंतच होतं.