'लेट' जावास्क्रिप्टचा, 'किंमत' आपलं

नमस्कार दादा,

"व्हेरिएबलला 'किंमत', 'नाव' अशी मराठी नावं देऊन तुम्ही मुलांना चुकीची सवय लावताय, कंपनीत हे कुणी चालवून घेणार नाही. शिवाय स्ट्रिंगचा कोड कॉपी केला तर चालतच नाही," असं तुम्ही जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेवरच्या माझ्या पोस्टबद्दल लिहिलंत. (व्हेरिएबल म्हणजे माहिती ठेवायची नाव दिलेली जागा, स्ट्रिंग म्हणजे अवतरणचिन्हांत लिहिलेला मजकूर.)

आधी दुसरं. चूक माझीच. पोस्ट टाकताना सरळ अवतरणचिन्हांची वळणदार झाली, आणि वळणदार चिन्हानं जावास्क्रिप्टमध्ये स्ट्रिंग सुरूच होत नाही. थेट सिंटॅक्स एरर, म्हणजे कोड लिहिण्याच्या नियमाची चूक. आज सगळे नमुने दुरुस्त केलेत. तुम्ही बोललात म्हणून कळलं. नवा शिकणारा आपलंच चुकलं समजून गप्प बसला असता, याचं फार वाईट वाटलं.

नावांबद्दल मात्र मी ठाम आहे. इथे इंदूरला रविवारी माझ्याकडे सहा-सात मुलं येतात. घरात मराठी, शाळेत हिंदी. पहिल्या तुकडीला मी 'लेट प्राइस' असंच शिकवलं. 'लेट' हा व्हेरिएबल बनवायचा जावास्क्रिप्टचा शब्द, 'प्राइस' हे आपण दिलेलं नाव. महिन्याभरानं एकीनं विचारलं, "ताई, प्राइसच्या जागी दुसरं काही लिहिलं तर कॉम्प्युटरला कळेल?" तिला दोन्ही शब्द इंग्रजीच. त्यातला जावास्क्रिप्टचा कुठला आणि आपण ठेवलेला कुठला, हे तिला दिसतच नव्हतं. 'लेट किंमत' लिहिलं की ते डोळ्यांना दिसतं. आणि हा जुगाड नाही, देवनागरी नाव जावास्क्रिप्टच्या नियमातच बसतं.

आकड्यांचं तसं नाही. पोह्यांचे २० आणि जिलबीचे ३० यांची बेरीज करायला एकानं प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे माहिती विचारणाऱ्या चौकटीत, मराठी कीबोर्डवरून आकडे भरले. उत्तर, २०३०. प्रॉम्प्टमधून येते ती स्ट्रिंग, म्हणून दोन्ही एकमेकांना चिकटले. एवढं त्याला ठाऊक होतं. त्यानं दोन्हींना स्ट्रिंगची संख्या करणारं 'नंबर' लावलं, तर समोर 'एनएएन', म्हणजे ही संख्याच नाही. "ताई, वीस हा आकडा नाही का?" कीबोर्ड इंग्रजी करून तेच भरलं, ५० आले. देवनागरी २० जावास्क्रिप्टच्या लेखी नुसती दोन चिन्हं. स्ट्रिंग म्हणजे काय, हे त्याला माझ्या तीन रविवारांच्या बोलण्यापेक्षा त्या एका मिनिटात जास्त कळलं.

टीममध्ये इंग्रजी नावंच हवीत, हे मान्य. दुसऱ्या महिन्यात मुलं स्वतःच 'किंमत' खोडून 'प्राइस' करतात, आणि तेव्हा काय बदललं, काय नाही, हे त्यांना सांगता येतं.

तुम्हीही ऑफिसात नव्या पोरांना शिकवता म्हणालात. हा फरक पहिल्या दिवशी कसा दाखवता, ते जरूर लिहा.