हवा गेली की गाडी थांबते: जॉर्ज वेस्टिंगहाऊसवरून कट्ट्यावर झालेला वाद

कल्याणच्या कट्ट्यावर वादाला निमित्त लागत नाही. या वेळी ते मंदारने पुरवलं. "जॉर्ज वेस्टिंगहाऊस या अमेरिकन संशोधकाने १८६९ मध्ये एअर ब्रेक, म्हणजे हवेच्या दाबावर चालणारा ब्रेक काढला आणि अमेरिकन रेल्वेतले अपघात आटोक्यात आले," असं तो सहज बोलून गेला. रेल्वेच्या कॅरेज-वॅगनमध्ये, म्हणजे डब्यांची देखभाल करणाऱ्या खात्यात, जन्म काढलेले नाना समोरच बसले होते, हे त्याच्या लक्षात आलं नाही.

नाना : १८६९ चा ब्रेक? तो ब्रेक आज कुणी माझ्या गाडीला लावला असता तर मी तिला 'फिट' दिलं नसतं.

मंदार : नाना, पेटंटची तारीखच १३ एप्रिल १८६९ आहे. तेव्हा तो फक्त बावीस वर्षांचा होता.

नाना : असेल की. पण पेटंट कशाचं होतं ते बघ. इंजिनवर वाफेवर चालणारा पंप, त्याखाली हवेची टाकी, ड्रायव्हरच्या हाताशी एक कॉक, तिथून गाडीभर पाइप आणि प्रत्येक डब्याखाली सिलिंडर. कॉक उघडला की टाकीतली हवा पाइपातून सिलिंडरमध्ये जाणार, पिस्टन बाहेर येणार, ब्रेकचा ब्लॉक चाकावर बसणार. याला स्ट्रेट एअर म्हणतात. आता सांग, दोन डब्यांमधला होज, ती रबरी नळी, फुटली तर?

मंदार : हवा बाहेर.

नाना : आणि ब्रेक?

मंदार : लागणार नाही.

नाना : कपलिंग तुटून गाडीचे दोन तुकडे झाले तर? दोन्ही तुकड्यांना ब्रेक नाही. ज्या घडीला ब्रेक हवा, नेमका त्याच घडीला तो गायब.

सुहास मालगाड्या चालवतो. त्याने आणखी एक खोट काढली. स्ट्रेट एअरमध्ये सगळी हवा इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत चालत जाते. पुढचे डबे आधी धरतात, मागचे मोकळे असतात आणि येऊन पुढच्यांवर आदळतात. चार-पाच डब्यांच्या पॅसेंजरला ते चालून गेलं. लांब गाडीत अशक्य.

मंदार : पण पिट्सबर्गच्या पहिल्याच चाचणीत तो चालला ना! बोगद्यातून बाहेर पडल्या पडल्या क्रॉसिंगवर एक घोडागाडी आडवी आली, डॅनियल टेट नावाच्या ड्रायव्हरने कॉक उघडला आणि गाडी काही फुटांवर थांबली. आत बसलेले साहेबलोक खुर्च्यांवरून खाली पडले.

नाना : चालला. मी कुठे नाही म्हणतो? हातब्रेकपुढे तो चमत्कारच होता. तेव्हाच्या अमेरिकन मालगाडीत ब्रेकमन डब्यांच्या छपरावरून धावायचे. इंजिनाने शिट्टी दिली की एका डब्याचं चाक पिळायचं, उडी मारून पुढच्या डब्यावर. पावसात, बर्फात, रात्री. तो माणूस घसरला की दोन डब्यांच्या मधेच. त्यापुढे काहीही बरंच.

वैशाली मेकॅनिकल शिकवते. तिच्या मते खरी तारीख १८७२ ची. त्या वर्षी वेस्टिंगहाऊसने स्वतःचंच यंत्र उलटं केलं, आणि शोध म्हणायचा तर तो हा.

वैशाली : हवेने ब्रेक लावण्याऐवजी त्याने हवेने ब्रेक सोडवून धरला. पाइप कायम भरलेला ठेवायचा. प्रत्येक डब्याखाली सिलिंडरच्या जोडीला एक छोटी टाकी द्यायची, ऑक्झिलरी रिझर्व्हॉयर, आणि दोघांच्या मध्ये ट्रिपल व्हॉल्व्ह. व्हॉल्व्हमधल्या पिस्टनच्या एका बाजूला पाइपातली हवा, दुसऱ्या बाजूला टाकीतली. पाइपातलं प्रेशर जास्त असेल तर एका बारीक खाचेतून टाकी भरत राहते आणि सिलिंडर बाहेरच्या हवेला मोकळा असतो. पाइपातलं प्रेशर पडलं की पिस्टन सरकतो, खाच बंद होते आणि टाकीतली हवा सिलिंडरमध्ये जाते. होज फुटू दे, गाडी तुटू दे, ड्रायव्हर हँडल ओढू दे, व्हॉल्व्हला फरक कळत नाही. प्रेशर पडलं ना? मग ब्रेक.

सुहास : आणि हवा डब्याखालीच असल्यामुळे इंजिनापासून यायची वाट बघायला नको. इंजिनाकडून येतो तो फक्त निरोप.

मंदारने वहीच काढली. त्याला आकडे हवे होते, आणि वैशालीला ते तोंडपाठ.

वैशाली : त्या काळी पाइपात ७० पौंड, म्हणजे दर चौरस इंचाला. टाकी सिलिंडरच्या साधारण अडीचपट. ड्रायव्हरने पाइपातून १० पौंड काढले तर टाकीही १० ने उतरते आणि सिलिंडरमध्ये साधारण २५ पौंड चढतात. २० काढले तर टाकी ५० वर येते, सिलिंडरही ५० वर जातो. दोन्ही सारखे झाले, खेळ संपला. यापुढे ड्रायव्हरने ३० काढले काय, ४० काढले काय, ब्रेक तसूभर वाढत नाही. फक्त पुन्हा भरायची हवा वाया जाते.

नाना : हे सगळं पिस्टनचा स्ट्रोक ठरल्याप्रमाणे असेल तर. ब्लॉक झिजले आणि कुणी स्लॅक, म्हणजे वाढलेली ढिलाई, काढली नाही, की पिस्टन जास्त बाहेर येतो. सिलिंडरमधली जागा वाढली, तितक्याच हवेत प्रेशर कमी. पाइपाचा गेज सगळं ठीक दाखवतो आणि गाडी मात्र थांबत नाही. नवीन पोरं गेज बघतात, स्ट्रोक बघत नाहीत.

सुहास : त्या ट्रिपल व्हॉल्व्हची घाटातली खोड पण सांगा. थोडा ब्रेक सोडायची सोय त्यात नव्हती. पाइपातलं प्रेशर टाकीपेक्षा जरा वर गेलं की व्हॉल्व्ह पूर्ण रिलीजला जाणार आणि सिलिंडर साफ रिकामा. उतारावर ब्रेक लावला, वेग फार पडला म्हणून सोडला, वेग वाढला म्हणून पुन्हा लावला, असं चार वेळा केलं आणि मधे टाक्या भरायला वेळ मिळाला नाही, तर पाचव्या वेळी लावायला हवाच नाही. वर पाइप धड, होज धड. आपल्या कसारा घाटात १ : ३७ चा उतार आहे. तिथे असल्या व्हॉल्व्हने गाडी उतरवायची माझी हिंमत नाही. आपल्या गाड्यांत ट्रिपल व्हॉल्व्हच्या जागी असलेला डिस्ट्रिब्युटर व्हॉल्व्ह टप्प्याटप्प्याने सोडतो म्हणून निभतं.

नाना : त्यांनी तोडगा काढला होता. रिटेनर. सिलिंडरची हवा जिथून बाहेर जाते तिथे छोटा व्हॉल्व्ह, साधारण १५ पौंड अडकवून ठेवणारा. डोंगरमाथ्यावर गाडी थांबवायची, प्रत्येक डब्यावरचा दांडा फिरवायचा, खाली उतरल्यावर पुन्हा सरळ करायचा. म्हणजे ब्रेकमन काही सुटला नाही.

इथे मंदारने पवित्रा बदलला. म्हणाला, १८७२ तर १८७२. मग त्या दिवसापासून तरी श्रेय त्याचं ना? यावर वैशालीने १८८६ काढलं. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात बर्लिंग्टनच्या उतारावर मास्टर कार बिल्डर्स असोसिएशनने, म्हणजे रेल्वेच्या डब्यांचं काम बघणाऱ्यांच्या संघटनेने, पन्नास-पन्नास डब्यांच्या मालगाड्यांवर निरनिराळ्या कंपन्यांचे ब्रेक तपासले. वेस्टिंगहाऊसचा ब्रेकही नापास झाला. इमर्जन्सीत पाइपातली हवा फक्त इंजिनाच्या टोकाने बाहेर पडायची, त्यामुळे शेवटच्या डब्यापर्यंत निरोप पोहोचेपर्यंत पुढचे डबे जाम झालेले असायचे. शेवटच्या डब्यात बसलेल्यांना असे दणके बसले की विचारू नका. १८८७ मध्ये पुन्हा चाचण्या झाल्या. वेस्टिंगहाऊस सुधारलेला व्हॉल्व्ह घेऊन आला, तरी दणके गेले नाहीत, आणि समितीने कल दिला की लांब मालगाडीला विजेवर चालणारा ब्रेकच हवा.

मंदार : आणि विजेचा कारखाना तर त्याचाच होता!

वैशाली : हो, पण तो विजेकडे वळला नाही. काही महिन्यांत त्याने क्विक-अॅक्शन व्हॉल्व्ह काढला. प्रेशर झपाट्याने पडलं की प्रत्येक डब्याचा व्हॉल्व्ह पाइपातली हवा तिथल्या तिथे आपल्याच सिलिंडरमध्ये ओढून घेतो. त्यामुळे शेजारच्या डब्याजवळ प्रेशर पडतं, त्याचा व्हॉल्व्ह उघडतो, मग पुढचा. पन्नासाव्या डब्यापर्यंत ब्रेक दोन-तीन सेकंदांत. शिवाय पाइपातली हवा भरीला आल्यामुळे सिलिंडरमध्ये ५० च्या जागी ६० पौंड. त्याच साली तो पन्नास डब्यांची गाडी घेऊन शहरोशहरी दाखवत फिरला.

माझ्या मते या माणसाचा मोठेपणा इथे दिसतो. हरलेल्या चाचणीतून त्याने नेमकी चूक उचलली आणि बाकी यंत्राला हात लावला नाही. रेल्वेमालक व्हँडरबिल्टने त्याला 'वाऱ्याने गाडी थांबवणारा मूर्ख' म्हणून हाकलल्याचा किस्सा लोक चवीने सांगतात, तो खरा धरायला मी तयार नाही. बर्लिंग्टन त्यापेक्षा कितीतरी रंगतदार आहे.

नाना : बरं, १८८७ ला उत्तम ब्रेक तयार झाला. मालगाड्यांना लागला का?

मंदार गप्प.

नाना : नाही लागला. कारण सोपं आहे. पॅसेंजर मेला तर पेपरात येतं. ब्रेकमन मेला तर दुसरा मिळतो. डबे एका रेल्वेचे, धावतात दुसरीच्या रुळांवर; मी माझ्या डब्यावर पैसे खर्च करायचे आणि फायदा शेजाऱ्याचा? त्यात कोर्टाचं म्हणणं असं, की धोका माहीत असून नोकरी धरली म्हणजे धोका पत्करला, भरपाई कसली. हे मोडलं लोरेन्झो कॉफिनने. आयोवाचा शेतकरी. १८७४ मध्ये एका ब्रेकमनची बोटं कपलिंगमध्ये जाताना त्याने पाहिली आणि तिथून पुढे पत्रं, सभा, आमदार, खासदार, सगळ्यांच्या मागे लागला. बर्लिंग्टनच्या चाचण्यांनाही हजर. शेवटी २ मार्च १८९३ ला राष्ट्राध्यक्ष हॅरिसनने सेफ्टी अप्लायन्स अॅक्टवर, म्हणजे एअर ब्रेक आणि आपोआप बसणारं कपलर सक्तीचं करणाऱ्या कायद्यावर, सही केली. मला विचारशील तर ब्रेकमन कॉफिनने वाचवला.

सुहास : निम्मा इलाय जॅनीने. बोटं जायची ती कपलिंगमध्ये, त्याला एअर ब्रेक काय करणार? लिंक-पिन कपलिंगमध्ये माणूस दोन डब्यांच्या मध्ये उभा राहून लिंक हाताने भोकात घालायचा. जॅनीने १८७३ मध्ये मुठी एकमेकींत अडकतात तसं आपोआप बसणारं कपलर काढलं. आपल्या वॅगनचं सीबीसी, म्हणजे सेंटर बफर कपलर, त्याच घराण्यातलं.

वैशालीला नानांचं म्हणणं अर्धंच पटलं. तिचा मुद्दा असा की १८८६ च्या अवस्थेतला ब्रेक सक्तीचा केला असता तर लांब मालगाड्यांत दणक्यांनी माणसं जखमी झाली असती आणि कायदाच बदनाम झाला असता. आधी चालणारं यंत्र, मग सक्ती. आणि एकाच आराखड्याचे, अदलाबदल होणारे सुटे भाग बनवण्याचा हट्ट वेस्टिंगहाऊसचा. कुठल्याही रेल्वेचा डबा कुठल्याही रेल्वेच्या डब्याला जोडला तरी होज जुळला पाहिजे. तो हट्ट नसता तर कायद्याने सक्ती कशाची करायची?

नाना : धंद्याचा हट्ट म्हण. त्याने दुसऱ्याला जवळ फिरकू दिलं का?

वैशाली : धंदा होताच. पण डोकंही तसंच होतं. त्याचं गॅसचं काम बघा. १८८४ मध्ये पिट्सबर्गच्या स्वतःच्या बंगल्याच्या आवारात त्याने विहीर खणली आणि नैसर्गिक वायू लागला. तेव्हा घरोघरी मरण यायचं ते असं : कुठेतरी पुरवठा खंडित व्हायचा, चुलीतली ज्योत विझायची, थोड्या वेळाने गॅस परत यायचा आणि उघड्या तोंडातून खोली भरायची. त्याने कट-ऑफ बसवला. प्रेशर ठरावीक आकड्याखाली गेलं की व्हॉल्व्ह बंद, आणि प्रेशर परत आलं तरी आपोआप उघडायचा नाही. माणसाने येऊन हाताने उघडायचा. जमिनीखाली पाइपाभोवती दुसरा पाइप, म्हणजे गळालेला वायू तळघरात न जाता बाहेरच्या बाजूने वर निघून जातो. ट्रिपल व्हॉल्व्ह आणि हा कट-ऑफ एकाच माणसाने केलेत हे न सांगता कळतं.

हा मुद्दा नानांनी मान हलवून घेतला. पण लगेच म्हणाले, "प्रेशर गेलं की सुरक्षित, हेही अर्धवटच. प्रेशर न जाताच घात होतो."

सुहासला कळलं. अँगल कॉक. दोन डब्यांमधला कॉक कुणी बंद केला, तर त्याच्या मागचा पाइप भरलेलाच राहतो. इंजिनाकडून ड्रायव्हर कितीही हवा काढो, मागच्या व्हॉल्व्हना काही कळत नाही, ते सुखाने रिलीजमध्ये. पॅरिसच्या गार द ल्यों स्टेशनात २७ जून १९८८ ला हेच झालं. प्रवाशाने साखळी ओढली, ब्रेक लागले, ते सोडवण्याच्या खटपटीत ड्रायव्हरकडून मुख्य पाइपाचा कॉक बंद झाला. मागचे ब्रेक सुटेनात म्हणून त्याने डब्याडब्याची हवा काढून टाकली. स्टेशनात शिरताना ब्रेक फक्त पुढच्या भागाला. ५६ माणसं गेली.

नाना : म्हणून कंटिन्युइटी टेस्ट. पाइपातला ५ किलोचा दाब इंजिनातल्या गेजवर बघून उपयोग नाही, गार्डच्या डब्यात बघायचा. इंजिनातून हवा काढली की मागचा काटा पडला पाहिजे, भरली की चढला पाहिजे. डबा जोडला, काढला, कॉकला हात लागला, की पुन्हा टेस्ट. आणि गाडी उभी ठेवून इंजिन काढलं तर हातब्रेक आणि लाकडी गुटके. टाकीतली हवा सिलिंडरच्या वॉशरमधून गळून जाते. रात्री लागलेला ब्रेक सकाळी असेलच असं नाही.

मंदार : म्हणजे हातब्रेक शेवटी राहिलाच.

नाना : राहणारच. आणि तुझा कायदा झाल्यावर लगेच सगळे डबे बदलले असं समजू नकोस.

मंदार : माझा कुठला? कायदा तुमचा, नाना.

नाना : माझा तर माझा. १८९३ च्या कायद्यात लिहिलं होतं 'पुरेशा डब्यांना' ब्रेक हवा. पुरेशा म्हणजे किती? रेल्वेवाल्यांनी हवा तसा अर्थ काढला, वर मुदत १८९८ ची होती ती १९०० पर्यंत वाढवून घेतली. १९०३ मध्ये आकडा घातला, निदान ५० टक्के. मग ७५, मग ८५.

सुहास : ५० टक्क्यांत ब्रेकवाले डबे सगळे पुढे जोडावे लागणार. पाइप सलग हवा ना.

वैशाली : आणि मागचे बिनब्रेकचे डबे पुढच्यांवर चढणार. पुन्हा स्ट्रेट एअरचाच दणका.

नाना : चढू नयेत म्हणून ड्रायव्हर काय करायचा? पहिल्यांदा पाच-सात पौंडच काढायचा, मागची गाडी हळूच येऊन टेकू द्यायची, आणि मग पुढचा ब्रेक.

मंदारने तेही वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, टेकली हे ड्रायव्हरला कळायचं कसं? सुहास म्हणाला, "पाठीला कळतं."