प्रेसिडिओतली झाडतोड: खुलासा

सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रेसिडिओ या जुन्या लष्करी तळाबद्दल 'वारसा जपायच्या नावाखाली नैसर्गिक जंगल तोडतात' असा मजकूर फिरतोय. झाडं कापली जातात हे खरं. जंगल मात्र नैसर्गिक नाही; सैन्याने लावलेलं हे रानच तो वारसा.

मुळात तिथे वाळूच्या टेकड्या, गवत आणि झुडपं होती. मेजर जोन्स यांनी 1883 मध्ये आराखडा केला: टेकड्यांचे माथे, हद्दीचे कुंपण आणि उडती वाळू झाडांनी झाका. मग सैन्याने नीलगिरी, माँटेरे सायप्रस आणि पाइन लावले, तेही कवायतीसारखे रांगेत. विरळणी, म्हणजे दाटीतली काही झाडं काढणं, फारशी झालीच नाही. म्हणून खोडं उंच, बारीक, फांद्या फक्त शेंड्याला. आणि एका वयाची झाडं म्हातारीही एकदमच होतात.

तळ 1994 मध्ये राष्ट्रीय उद्यान सेवेकडे गेला. नुसतं 'हात लावू नका' म्हटलं तर हे रान टिकणार नाही, कारण सायप्रस-पाइनच्या रोपांना भरपूर ऊन लागतं, दाट सावलीत ती खुरटतात. म्हणून एकेक झाड न बदलता छोटा पट्टा मोकळा करून तिथे नवी रोपं लावतात. पाइनला खोडातून डिंक गाळणारा बुरशीरोग होतो, तेव्हा त्याला तोंड देणारी पाइनची जात निवडून घ्यावी लागते.