नेमणूक राष्ट्राध्यक्षाची, म्हणून न्यायाधीशही त्याचाच?

अमेरिकेतल्या एखाद्या फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टाने सरकारचा आदेश रोखला, की मराठी गटांमध्ये तोच मजकूर नव्याने फिरू लागतो. आशय असा: तिथला फेडरल जिल्हा न्यायाधीश म्हणजे ज्या राष्ट्राध्यक्षाने नेमला त्याचा माणूस. तसा तो खालच्या कोर्टाचा, खरा निकाल वॉशिंग्टनलाच लागतो. पण खुर्ची जन्मभराची, जाब विचारणारं कोणी नाही, म्हणून हा एकटा माणूस निवडून आलेल्या सरकारला वेठीस धरतो.

हे नुसतं अपुरं नाही, चुकीचं आहे. कसं, ते एका माणसाच्या कारकिर्दीवरून सांगतो: अलाबामा राज्यातले फेडरल जिल्हा न्यायाधीश फ्रँक एम. जॉन्सन.

पहिला मुद्दा, ‘नेमणाऱ्याचा माणूस’. नेमणुकीत राजकारण असतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. राष्ट्राध्यक्ष नाव ठरवतो, त्या राज्याच्या सिनेटरांची मर्जी पाहिली जाते, मग सिनेट मंजुरी देतं. पण एवढ्यावरून पुढची वीस-तीस वर्षं वाचता येत नाहीत. जॉन्सन रिपब्लिकन. 1955 मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी त्यांना अलाबामाची राजधानी मॉन्टगोमेरी इथल्या कोर्टात नेमलं तेव्हा त्यांनी चाळिशीही गाठली नव्हती. काही महिन्यांतच शहरातल्या बसमधल्या वर्णभेदाचा दावा तीन न्यायाधीशांच्या पीठापुढे आला. बसमधली जागा सोडायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्स आपल्याला ठाऊक असतात, पण त्या दाव्यात त्या वादी नव्हत्या. वादी होत्या चार दुसऱ्या कृष्णवर्णीय स्त्रिया. त्यांतली क्लॉडेट कॉल्विन तर अटक झाली तेव्हा 15 वर्षांची होती. जून 1956 मध्ये पीठाने दोन विरुद्ध एक मताने बसमधला भेदभाव घटनाबाह्य ठरवला. जॉन्सन यांच्या बाजूने उभे राहिले रिचर्ड राइव्ह्ज, विरोधात गेले सेबर्न लिन. हे दोघेही डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेले! नेमणारा एकच, खटला एकच, पुरावा एकच, आणि मतं परस्परविरुद्ध.

आणखी एक उदाहरण. नागरी हक्कांचे कैवारी म्हणून केनेडींचं नाव घेतलं जातं. त्यांनी 1961 मध्ये मिसिसिपीत नेमलेले हॅरल्ड कॉक्स कोर्टात बसून कृष्णवर्णीयांबद्दल अर्वाच्य बोलत. आणि अगदी अलीकडचं पाहायचं तर 2020 च्या निवडणुकीनंतर विस्कॉन्सिनचा निकाल फिरवू पाहणारा ट्रम्प यांचा दावा फेटाळला तो त्यांनीच नेमलेल्या ब्रेट लडविग या जिल्हा न्यायाधीशांनी.

दुसरा मुद्दा, ‘खालचं कोर्ट’. इथे जरा थांबतो, कारण मजकुराची सगळ्यात मोठी चूक इथे आहे. सर्वोच्च न्यायालयात साक्षीदार येत नाहीत. काय घडलं, कोणी केलं, हे ठरतं जिल्हा न्यायालयात. 7 मार्च 1965 ला अलाबामातल्या सेल्माच्या एडमंड पेटस पुलावर, मतदानाचा हक्क मागत मॉन्टगोमेरीकडे मोर्चाने निघालेल्यांना पोलिसांनी लाठ्यांनी झोडपलं, अश्रुधूर सोडला. दुसऱ्या दिवशी आंदोलक जॉन्सन यांच्या कोर्टात गेले: मोर्चाला संरक्षण द्या, आत्ताच्या आत्ता. जॉन्सन यांनी दुसरी बाजू ऐकल्याशिवाय हुकूम द्यायला नकार दिला, उलट सुनावणी होईपर्यंत मोर्चाच रोखला. 9 मार्चला मार्टिन ल्यूथर किंग पूल ओलांडून गेले आणि तिथूनच माघारी फिरले. आपल्याला इथे महाड आठवल्याशिवाय राहत नाही. डिसेंबर 1927 मध्ये चवदार तळ्यावर दिवाणी कोर्टाचा मनाईहुकूम आला, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी तळ्यावर जाणं थांबवलं आणि पुढे जवळजवळ दहा वर्षं तो दावा लढवून मुंबई उच्च न्यायालयात जिंकला.

मॉन्टगोमेरीत मात्र निकाल दहा दिवसांच्या आत लागला. मार खाल्लेले आंदोलक साक्षीला आले, पुलावरच्या लाठीमाराची टीव्हीवाल्यांनी घेतलेली फिल्म भर कोर्टात दाखवली गेली, मोर्चाचा आराखडाही तपासला गेला. 17 मार्चला जॉन्सन यांनी हुकूम दिला: अन्याय जेवढा मोठा, तेवढा रस्त्यावर निषेध करण्याचा हक्कही मोठा. पण त्याच हुकमात रस्ता जिथे दोनच पदरी आहे तिथे 300 च माणसांनी चालावं, ही अटही होती. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. तत्त्व सांगून मोकळं होणं सोपं असतं. त्या रस्त्यावरून कोण, किती, कसे जातील हेही त्यांनी ठरवून दिलं. 21 मार्चला मोर्चा निघाला, 25 ला मॉन्टगोमेरीत पोचला.

त्यांच्या चुकाही झाल्या. अलाबामातल्या टस्कीगी शहराची हद्द 28 कोनांची वेडीवाकडी करून बहुतेक सगळे कृष्णवर्णीय मतदार बाहेर काढले गेले, तो दावा त्यांनी फेटाळला होता. सर्वोच्च न्यायालयाने 1960 मध्ये एकमताने तो निर्णय फिरवला. अपील असतं ते याचसाठी.

‘जाब विचारणारं कोणी नाही’ याचं उत्तर लहान आहे. महाभियोग चालवून सिनेटने आजवर आठ फेडरल न्यायाधीशांना काढलं आहे. लुइझियानाचे जिल्हा न्यायाधीश टॉमस पोर्टिअस यांना 2010 मध्येच. निकाल आवडला नाही म्हणून काढता येत नाही, एवढंच. तसं नसतं तर काय होतं, ते जॉन्सन यांचे कॉलेजातले सहाध्यायी जॉर्ज वॉलेस यांच्याकडे पाहावं. ते राज्याचे निवडून आलेले न्यायाधीश होते. मतदार नोंदणीची कागदपत्रं देण्याचा जॉन्सन यांचा हुकूम त्यांनी आडवाटेने पाळला आणि मतदारांना मात्र आपण फेडरल कोर्टाला जुमानलं नाही, असं सांगत फिरले. पुढे ते गव्हर्नर झाले. जॉन्सन यांच्या अंगणात धमकी म्हणून क्रॉस जाळला गेला, 1967 मध्ये त्यांच्या आईच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. निवडणूक लढवावी लागली असती तर ते टिकलेच नसते.

राहिला ‘वेठीस धरण्याचा’ आरोप. एका जिल्हा न्यायाधीशाचा मनाईहुकूम अख्ख्या देशाला लागू व्हावा का, ही शंका रास्त आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने जून 2025 मध्ये त्यावर मर्यादाही घातली. पण जॉन्सन यांच्यावर हा आरोप झाला तो मुख्यतः अलाबामातल्या तुरुंगांमुळे आणि मनोरुग्णालयांमुळे. टस्कलूसाच्या ब्राइस रुग्णालयात पाच हजार रुग्ण कोंडलेले होते. जेवणावर दर रुग्णामागे दिवसाला 50 सेंटही खर्च होत नव्हते. मार्च 1971 मध्ये जॉन्सन यांनी एवढंच म्हटलं, की सक्तीने ठेवलेल्या माणसाला उपचार मिळण्याचा हक्क आहे, आणि सुधारणेसाठी सरकारला सहा महिने दिले. सहा महिन्यांत राज्याला धड काही करता आलं नाही, तेव्हा कुठे एप्रिल 1972 मध्ये त्यांनी डॉक्टर-परिचारिका किती हव्यात इथपर्यंतचे निकष लिहून दिले. ज्यांना सरकार वेठीला धरलं गेल्याचं दुःख आहे, त्यांनी सांगावं: कुलुपाआड ठेवलेल्या त्या पाच हजारांनी कोणाला मत देऊन जेवण मागायचं होतं?