दहा हजारांत कॅमेरा येतो, फक्त मिरवता येत नाही

आज डोकं फिरलंय, पोस्ट लांबणार. भाच्याला घेऊन फिल्म कॅमेरा बघायला गेलो होतो. पोरगं कॉलेजात आहे, शिकवण्या घेऊन दहा हजार जमवलेत. त्याच्याकडे तो प्लास्टिकचा कोडॅक एम३५ आहे, रोल घालायचा नि बटण दाबायचं. आता त्याला जरा बरं काहीतरी हवंय. दुकानदार आकडा ऐकून हसला. मग काचेच्या कपाटातून एक चिमुकला ऑटोफोकस कॉम्पॅक्ट काढला. पंचेचाळीस हजार! "सध्या हाच चालतो. जमत नसेल तर मोबाईलवर काढ."

पोरासमोर हे बोलायचं?

चालतो म्हणजे काय, तर रीलमध्ये कुणाच्या तरी गळ्यात दिसतो. आतलं सर्किट गेलं की सुटा भाग मिळत नाही, हात लावणारा कारागीर मिळत नाही. पंचेचाळीस हजारांचा पेपरवेट.

मला साताऱ्याचे अण्णा आठवले. लग्नाचे फोटो काढायचे. धंदा डिजिटलकडे वळला तेव्हा त्यांनी आपला पेंटॅक्स के१००० मला दिला, ५० एमएम एफ/२ लेन्ससकट (एफचा आकडा लहान म्हणजे लेन्सचं भोक मोठं, उजेड जास्त). पैशाचं बोलायच्या आधी शटरचा, म्हणजे फिल्मवर उजेड सोडणाऱ्या पडद्याचा, स्पीड एक सेकंदावर ठेवला आणि कॅमेरा माझ्या कानाशी धरला. "ऐक, अडखळतोय का?" मग लेन्समधून टॉर्च मारून बुरशीचे धागे कसे बघायचे ते दाखवलं. मागच्या झाकणाच्या खाचेतला काळा फोम बोटाने दाबायला लावला. तो चिकट झाला असेल तर उजेड आत शिरतो. "उजेड मोजणारा मीटर मेला तरी चालेल, शटर जगलं पाहिजे."

के१००० आला १९७६ साली आणि १९९७ पर्यंत बनत होता. शटर पूर्ण यांत्रिक, सेल लागतो तो फक्त मीटरला. बंद करायचं बटणच नाही, लेन्सला टोपी घातली की मीटर झोपतो. मीटर खरंच मेला तर उन्हात एफ/१६ ठेवायचं, २०० आयएसओचा रोल असेल तर स्पीड १/२५०. झालं.

भाच्याच्या एम३५ला एकच स्पीड, साधारण १/१२०, आणि अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक) एफ/१० च्या आसपास. फ्लॅश पोचतो चार पावलं. म्हणून त्याचे संध्याकाळचे फोटो काळे येतात आणि बिचारा स्वतःलाच दोष देतो. तेच एफ/२ वर १/३० ने काढलं तर फिल्मवर शंभरपट उजेड पडतो. शंभरपट! दुकानात ह्यातलं एक अक्षर कुणी बोललं नाही. अण्णांनी तर न विचारता सांगितलं होतं, तेही विकताना.

बरं, के१००० ची पण आता फॅशन आलीय, भाव चढलेत, मान्य. मग झेनिट बघा, याशिका एफएक्स-३ बघा. जड असतात, फोकस हाताने करावा लागतो, पळतं पोर सापडत नाही, हेही मान्य. तेवढंच खुपत असेल तर कॅननची नव्वदीतली ईओएस फिल्म बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा ऑटोफोकस कॅमेरा, घ्या. प्लास्टिकची, दिसायला कंटाळवाणी, म्हणूनच स्वस्त. आमच्या ताईकडे कॅननचा डीएसएलआर धूळ खात पडलाय, त्याची ५० एमएम एफ/१.८ लेन्स ह्या बॉडीवर सरळ बसते. ईएफ-एस लिहिलेली लेन्स मात्र बसत नाही, तेवढं बघून घ्या.

दुकानदारालाही भाडं भरायचंय, समजतं मला. पण दहातले तीन हजार रोलला ठेवावे लागतात हे तरी सांगा की पोराला! रोल, धुलाई, स्कॅन मिळून ३६ फोटोंचे सहज दीडएक हजार होतात. सगळे पैसे बॉडीत घालून वर्षभर रिकामा कॅमेरा फिरवणारे माझ्या ओळखीत आहेत. (तुम्ही टॅग होणार नाही, घाबरू नका.) अण्णांनी पैसे मोजून घेतले आणि फ्रीजमधून दोन रोल काढून माझ्या हातात ठेवले. "हे संपव. मग नव्या लेन्सचं बोल." ते रोल संपवताना जे शिकलो ते... जाऊ दे, तो वेगळा विषय आहे.

तर, कुणाच्या काकांचा, आजोबांचा एसएलआर (के१०००सारखा लेन्स बदलता येणारा फिल्म कॅमेरा) कपाटात पडून असेल तर इनबॉक्समध्ये कळवा. बजेट सात हजार, रोख. एक सेकंदाच्या शटरचा आवाज रेकॉर्ड करून पाठवा आणि बुरशी असेल तर आधीच सांगा. 'व्हिंटेज' म्हणून भाव लावणाऱ्यांनी तसदी घेऊ नये.