बोलून व्रण भरतात का? एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमचा आक्षेप असा: आतड्यातले व्रण बोलून भरत नाहीत, आणि कोलायटिसच्या (मोठ्या आतड्याला सूज येऊन व्रण होण्याच्या आजाराच्या) रुग्णाला समुपदेशकाकडे धाडणं म्हणजे ‘सगळे मनाचे खेळ’ असं सुनावणं. शिवाय तुमच्या बहिणीने सहा सत्रं केली, उपयोग शून्य.

पहिला मुद्दा पूर्ण मान्य. सीबीटीने (विचार आणि वागणं बदलायला शिकवणाऱ्या, बोलण्यातून होणाऱ्या उपचाराने) आतड्याचा दाह आटोक्यात येतो असं खात्रीने म्हणता येत नाही. मेसालामाइन, अझाथायोप्रिन, बायोलॉजिक, जे औषध चालू असेल ते चालूच ठेवायचं. फायदा होतो तो चिंतेत, उदासीत आणि रोजच्या जगण्यात. तोही माफक, आणि ज्यांना मुळात हा त्रास आहे त्यांनाच. मात्र असे रुग्ण थोडे नाहीत. साधारण तिघांत एकाला चिंतेची लक्षणं असतात, आजार उसळल्यावर त्याहून जास्त जणांना. आजार खरा आहे, म्हणून तर भीती आहे.

उदासी मोजतानाच एक गफलत होते. पीएचक्यू-९ या प्रश्नावलीत झोप, थकवा आणि भूक यांचे मिळून ९ गुण होऊ शकतात, आणि १० गुणांपासून मध्यम नैराश्य धरतात. म्हणजे नुसत्या उसळीनेही माणूस उंबरठ्यावर पोहोचतो. म्हणून आधी हिमोग्लोबिन, लोह, बी-१२ बघावं. प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) चालू आहे का विचारावं, कारण त्याने झोप उडते आणि मनःस्थितीही बिघडते. मग कशातच रस नसणं, स्वतःला दोष देणं याकडे लक्ष द्यावं. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. तिथे शून्याखेरीज काहीही उत्तर आलं, तर त्याच दिवशी त्याविषयी थेट बोलायला हवं.

आता ती सहा सत्रं. सीबीटी साधारण ८ ते १२ आठवडे चालते, पण आकड्यापेक्षा आत काय झालं ते महत्त्वाचं. ‘मन मोकळं करा’ एवढंच झालं असेल, तर तो दिलासा झाला, उपचार नव्हे. आधी आठवडाभर नोंदी हव्यात: प्रसंग, मनात आलेला विचार, भीती ० ते १०० मध्ये किती, काय केलं, प्रत्यक्षात काय घडलं. त्यावरून, बाहेर असताना शौचाची घाई होईल या भीतीला सामोरं जाण्याच्या पायऱ्या ठरतात. घराजवळ दहा मिनिटांची फेरी, मग बसने दोन थांबे, मग बाहेर जेवून प्रवास. भीती निम्म्यावर आली की पुढची पायरी.

घोळ होतो तो इथेच. आतड्याच्या आजाराची माहिती नसलेला थेरपिस्ट ‘संडास शोधत बसू नका, ही टाळाटाळ आहे’ म्हणतो. उसळीत घाई खरी असते, कपडे खराब होऊ शकतात. जादा कपडे जवळ ठेवणं, निघण्याआधी एकदा जागा बघून ठेवणं ही तयारी. आजार शांत असताना सकाळपासून उपाशी राहणं, पाच वेळा तीच जागा तपासणं ही भीती. पायऱ्या शांत काळात चढायच्या. उसळीत त्या थांबवून निराशेवर आणि मदत मागण्यावर काम करायचं.

आणखी एक: कॅलप्रोटेक्टिन (आतड्यातला दाह दाखवणारी शौचाची चाचणी) नॉर्मल असूनही मुरडा, घाई चालूच असेल, तर बऱ्याचदा आतडं अतिसंवेदनशील झालेलं असतं. तिथे मात्र सीबीटी किंवा आतड्यावर केंद्रित संमोहन पोटाच्या लक्षणांवरही उपयोगी पडू शकतं. रक्त, ताप, वजन घटणं, रात्री शौचासाठी जाग येणं, यांतलं काही असेल तर चिंतेवर खापर न फोडता पोटविकारतज्ज्ञ गाठावा.

बहिणीला नैराश्याचं औषध सुचवलं गेलं, तर आतड्याचा आजार सांगायला विसरू देऊ नका. सर्ट्रालिनने जुलाब होऊ शकतात, आणि ते उसळीसारखेच वाटतात.